सासऱ्यांनी बोट वर केलं नाही

ऑप्शनच्या सौद्यातून वेळेवर बाहेर कसं पडावं, याची अचूक पद्धत मी शोधून काढली आहे. या विषयावर जाडजूड पुस्तकं आहेत, महागडे क्लासेस आहेत आणि व्हिडिओत गाडीच्या बॉनेटवर बसून ओरडणारे लोक आहेत. माझी पद्धत मी इथे फुकट सांगणार आहे. ती वापरल्यावर काय होतं तेही सांगेन, पण ते जरा पुढे.

आधी माझी पात्रता. मी लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत सूचना लिहितो. लिफ्टमध्ये बटणांच्या वर एक पाटी असते ना, 'घाबरू नका. घंटेचं बटण दाबा. सोबतच्यांना धीर द्या. दरवाजा जबरदस्तीने उघडू नका', ती माझी. संकटात माणसाने काय करावं हे मला झटकन कळतं, फक्त संकट दुसऱ्याचं पाहिजे. स्वतःचं असलं की मी म्हणतो, जरा थांबून बघू.

हा 'थांबून बघू' स्वभाव संसारात खपतो, नोकरीत तर त्याला बढती मिळते, पण ऑप्शनमध्ये चालत नाही. ज्यांना ऑप्शन म्हणजे काय ते माहीत नाही, आणि ज्यांच्या घरी त्यामुळे अजून सोफा आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बाजार अमुक एका पातळीच्या खाली घसरणार नाही, असा विमा मी कुणा अनोळखी माणसाला महिनाभरासाठी विकतो. तो मला हप्ता देतो. बाजार शहाण्यासारखा वागला तर महिनाअखेरीला विमा विरून जातो आणि हप्ता माझा. पण बाजार घसरायला लागला की त्याच विम्याचा भाव चढतो, आणि सुटायचं असेल तर मला तो चढ्या भावाने परत विकत घ्यावा लागतो. याला म्हणतात एक्झिट. ही फार अपमानास्पद गोष्ट आहे.

म्हणून दुसरा एक मार्ग असतो. या महिन्याचा विमा तोट्यात परत घ्यायचा आणि त्याच क्षणी पुढच्या महिन्याचा विकायचा. तोटा कुठे जात नाही, फक्त पुढच्या महिन्याच्या पत्त्यावर राहायला जातो. याला म्हणतात रोल.

मागच्या वर्षी एक सौदा मी इतक्या वेळा रोल केला की घरात त्याला नाव पडलं. पाहुणे.

"पाहुणे गेले का?" बायको विचारायची.

"पुढच्या महिन्यात जातील."

"मागच्या महिन्यातही हेच म्हणाला होतास."

"तेव्हाचा पुढचा महिना वेगळा होता."

शेवटी पाहुणे गेले. जाताना सोफा घेऊन गेले. म्हणजे सोफ्यासाठी ठेवलेले पैसे घेऊन गेले, पण बसायला गेलं की तो फरक जाणवत नाही. तेव्हापासून आमच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. त्यांतल्या एकीवर बसल्यावर डावीकडे कलायचं नसतं.

यंदा प्रश्न वॉशिंग मशीनचा होता. आमचं मशीन कपडे चांगले धुतं, पण स्पिन सुरू झालं की चालायला लागतं. सरकतं असं मी म्हणत नाही. चालतं. आधी थरथरतं, मग एक खांदा पुढे टाकतं, मग दुसरा, आणि सकाळी फिरायला निघालेल्या निवृत्त अधिकाऱ्यासारखं बाथरूमच्या दाराकडे निघतं. मेकॅनिकला बोलावलं. त्याने मशीनच्या पाठीवर हात ठेवून डोळे मिटले.

"आतल्या स्प्रिंगा गेल्यात. या मॉडेलचे पार्ट येत नाहीत आता."

"मग उपाय?"

"वर वजन ठेवा."

"किती?"

त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुम्ही चालाल."

तेव्हापासून प्रत्येक स्पिनला मी मशीनवर बसतो. मी नसलो की मशीन दारापर्यंत येतं, आणि बायकोला ते ढकलून परत जागेवर न्यावं लागतं. बायको फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर ती लोकांच्या कमरा मोकळ्या करते आणि घरी येते तेव्हा तिचा एक हात स्वतःच्या कमरेवर असतो. नव्या मशीनचे पैसे तिने साठवले होते, शोरूममध्ये मशीन पसंत केलं होतं, आणि महिनाअखेरच्या शनिवारी पैसे भरायचे ठरले होते.

"तोपर्यंत ते पैसे नुसतेच बसून आहेत," मी म्हटलं.

"बसू देत. त्यांची कंबर दुखत नाही."

"माझा विमा गुरुवारी संपतो. शनिवारी पैसे जसेच्या तसे, वर हप्ता. त्या हप्त्यात ड्रायरवालं मशीन येईल."

बायकोने वर पाहिलं. आमच्या हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी आहे आणि तिच्यावर कायम ओले कपडे असतात. कोणी आलं की मधली बाही बाजूला करून बोलावं लागतं. त्या वेळी आम्हा दोघांच्या मधे माझीच पँट होती. बायको त्या पँटकडे बराच वेळ बघत राहिली.

"एका अटीवर," ती म्हणाली. "बाहेर कधी पडायचं ते तू ठरवायचं नाहीस."

"स्टॉपलॉस लावतो ना. भाव ठरावीक ठिकाणी पोचला की आपोआप बाहेर."

"मागच्या वेळीही लावला होतास. भाव जवळ आला की तूच काढून टाकायचास."

"भाव जवळ आला की तो मधे येतो."

"तटस्थ माणूस पाहिजे. मी बाबांना बोलावते."

माझे सासरे पस्तीस वर्षं क्लबच्या सामन्यांना क्रिकेटचे पंच होते. घरचे, दारचे, दूधवाला, सगळे त्यांना पंचच म्हणतात. त्यांनी स्वतःच्या सख्ख्या भावाला शून्यावर पायचीत दिलं होतं आणि त्यानंतर त्याच्या घरी जेवायलाही गेले होते. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी माझं शिक्षण, नोकरी, उत्पन्न असं सगळं ऐकून घेतलं, जरा वेळ आकाशाकडे पाहिलं आणि मुलीला म्हणाले, "संशयाचा फायदा देऊ."

याहून तटस्थ माणूस मिळणं शक्य नव्हतं.

ते आले ते पांढरी टोपी घालूनच. मी त्यांच्यासाठी एक कार्ड करून ठेवलं होतं, आमच्या कंपनीत करतात तसं, जाड, वर प्लास्टिक. शेवटी सूचना हा माझा धंदा आहे. 'घाबरू नये. विमा ऐंशीला विकलेला आहे. भाव चाळीसला उतरला की एक्झिटचं बटण दाबून नफ्यात बाहेर पडावं. भाव एकशे साठला चढला की तेच बटण दाबून तोट्यात बाहेर पडावं. जावई काहीही म्हणाला तरी ऐकू नये.'

सासऱ्यांनी कार्ड उभ्याने वाचलं.

"शेवटचं कलम पक्कं?"

"एकदम. मी गयावया करेन, बाबा. वाट्टेल ते सांगेन. ऐकायचं नाही."

"जावईबापू, पस्तीस वर्षांत मी कुणाचंच ऐकलेलं नाही. त्यातले काहीजण हातात बॅट घेऊन सांगत होते."

मग त्यांनी हॉलची पाहणी केली. टेबल खिडकीपासून लांब घेतलं, कारण स्क्रीनवर उजेड पडत होता. समोरून टॉवेल हटवला, कारण गोलंदाजाच्या मागे काही हलता कामा नये. माझा फोन टेबलावर बरोबर मधे ठेवला, हात मागे बांधले आणि किंचित वाकून उभे राहिले. मी आतल्या खोलीत जाऊन ऑफिसच्या कामाला लागलो. इतकं निर्धास्त मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. निर्णय दुसऱ्याच्या गळ्यात घातला की आपली मान किती हलकी होते.

पहिले काही दिवस दृष्ट लागण्यासारखे गेले. भाव उतरत होता. सत्तर. साठ. बावन्न. एक दिवस जेवायला बाहेर आलो तर सासरे शांतपणे जेवत होते आणि फोन टेबलावर पालथा होता. त्याच्यावर टोपी होती.

"बाबा, भाव किती आहे?"

"लंच आहे."

"बाजाराला लंच नसतो."

"म्हणूनच त्यांच्यात इतके घोळ होतात."

मी टोपी उचलून फोन सुलटा केला. भाव सेहेचाळीस होता. पण आलेखात नुकताच खणल्यासारखा एक लहानसा खड्डा दिसत होता. भाव अडतीसला जाऊन, कुणी नाही असं बघून, परत वर आला होता.

"बाबा, अडतीसला गेला होता. चाळीसच्या खाली. आपण नफ्यात सुटलो होतो. ड्रायर मिळाला होता आपल्याला."

"कधी गेला?"

"आत्ता. तुम्ही जेवत होतात तेव्हा."

"लंचमध्ये पडलेली विकेट धरत नाहीत," ते म्हणाले आणि पानातलं संपवलं. "आणि तुम्ही पंचांशी हुज्जत घालताय. ही पहिली ताकीद."

संध्याकाळी बायकोने त्यांना विचारलं, "कसं चाललंय?"

"जावईबापू फार बोलतात."

"ते मला माहीत आहे. खेळ कसा चाललाय?"

"खेळ चालू आहे."

मी फोनवर अलार्म लावला. भाव कुठलीही रेषा ओलांडेल त्या क्षणी वाजेल असा. सगळ्यांत मोठा आवाज अॅम्ब्युलन्सच्या भोंग्याचा होता, तो निवडला. आता लंच असो की टी, कान तरी उघडे राहतील.

मग बाजार फिरला. कुठल्यातरी लांबच्या बँकेचा प्रमुख भाषण करताना मधेच थांबून पाणी प्यायला, आणि तो का थांबला या चिंतेने अर्ध्या जगाने शेअर विकून टाकले. माझ्या विम्याचा भाव नव्वदवर गेला, मग एकशे दहावर. एकशे तीसला मला आतून ती ओळखीची ऊब जाणवायला लागली. थांबून बघू. आणि नाहीच जमलं तर रोल.

मी हॉलमध्ये गेलो. सासरे वाकून उभे होते.

"बाबा, मी सौद्याबद्दल बोलत नाहीये. सहज म्हणून विचारतो. समजा एखाद्याने रोल केलं—"

"दुसरी ताकीद."

"मी एखाद्याबद्दल बोललो."

"एखादा तुमच्यासारखाच दिसत होता."

बुधवार उजाडला. विमा संपायला एकच दिवस राहिला होता. बायको जाताना म्हणाली, "क्लिनिकच्या चादरी आणि कोट लावलेत मशीनमध्ये. स्पिनला बस. मागच्या खेपेला उठून गेलास, तर मशीन दारात येऊन बसलं होतं."

"मी बसेन."

"आणि बाबांना त्रास देऊ नकोस."

"मी तिसरी ताकीद घेणार नाही."

"भाव कुठे आहे?"

"एकशे चव्वेचाळीस. एकशे साठला बाबा बाहेर काढतील. ड्रायर जातो, थोडी भर घालावी लागेल, पण मशीन येतं."

ती दोरीकडे बघून म्हणाली, "तेवढं चालेल." आणि गेली. तिचं क्लिनिक दोन गल्ल्या सोडून आहे.

स्पिनची वेळ झाली. मी मशीनवर चढलो, पाय आत ओढले, कडा धरल्या. मशीन थरथरायला लागलं. पूर्ण वेगात आलं की दृष्टी धूसर होते, दातांची आपापसात ओळख होते आणि मनातले विचार छोटे छोटे तुकडे होऊन येतात. अशाच एका तुकड्यात मला हॉलमधून भोंगा ऐकू आला.

एकशे साठ.

मला, खरं सांगतो, आनंद झाला. रेषा ओलांडली, भोंगा वाजला, आता बाबा बटण दाबणार. पद्धत चालत होती. मी भोंगा बंद व्हायची वाट पाहिली.

भोंगा वाजतच राहिला.

"बा-आ-आ-बा," मी हाक मारली. मशीनवर बसून याहून सरळ हाक मारता येत नाही. "द-अ-अ-बा-आ ना-आ."

"काय?" हॉलमधून आवाज आला.

"ब-अ-अ-टण."

"अपील कुणाचं आहे?"

आधी वाटलं मशीनमुळे मला नीट ऐकू आलं नाही. मी उतरलो. उतरायला नको होतं. माझे पाय फरशीला लागतात न लागतात तोच मशीनने एक खांदा पुढे टाकला, मग दुसरा, आणि वजन उतरल्याच्या आनंदात ते थेट दारावर जाऊन आदळलं. आमच्या बाथरूमचं दार आत उघडतं. ते जेमतेम चार बोटं किलकिलं राहिलं, त्याला मशीन टेकलं, आणि नळी निसटली, वायर ताणली जाऊन प्लग निघाला. सगळं शांत झालं. भोंगा सोडून.

मी ढकलून पाहिलं. आत ओल्या चादरी आणि फरशीवर सांडलेलं साबणाचं पाणी. मशीन जागचं हललं नाही, मीच मागे घसरत गेलो.

"बाबा," मी फटीतून म्हटलं, "भाव एकशे साठच्या वर गेलाय ना?"

"एकशे अडुसष्ट."

"मग बटण का नाही दाबलं?"

"कोणी अपीलच केलं नाही."

"अपील कशाला पाहिजे? कार्डावर लिहिलंय ना."

"कार्डावर कधी बाद ते लिहिलंय. पण कोणी अपील केल्याशिवाय पंच निर्णय देत नाही. हा खेळाचा मूळ नियम आहे. यष्ट्या उडून सीमेपलीकडे गेल्या तरी, कोणी विचारलं नाही तर मी बोट वर करत नाही."

"मी विचारतो. मी अपील करतो. आउट आहे, बाबा. दाबा."

सासरे दाराजवळ आले. फटीतून त्यांच्या टोपीचा काठ दिसला.

"जावईबापू, तुम्ही फलंदाज आहात. फलंदाज स्वतःविरुद्ध अपील करत नाही. आणि दुसरं म्हणजे, तुम्ही काहीही म्हणालात तरी ऐकू नये असं पक्कं ठरलंय. मी विचारून घेतलं होतं."

"ते मी रोल करा म्हणालो तर. आत्ता मी एक्झिट म्हणतोय."

"कार्डावर 'काहीही' लिहिलंय."

सूचना लिहिणाऱ्याच्या आयुष्यात असा प्रसंग क्वचित येतो, की कोणीतरी ती शब्दशः पाळतं. माझ्या कारकिर्दीत ही पहिलीच वेळ होती.

"मग अपील कोणी करायचं?"

"क्षेत्ररक्षण करणाऱ्या बाजूने."

"ती बाजू कोण?"

"पैसे कुणाचे आहेत?"

"तुमच्या मुलीचे."

"मग ती. एकशे सत्त्याहत्तर," असं म्हणून ते टेबलाकडे परत गेले.

"तिला फोन तरी लावा."

"पंच मैदानातून फोन करत नाही. आणि या फोनवर खेळ चालू आहे."

मी माझी पाटी आठवली. घाबरू नका. त्याला उशीर झाला होता. घंटेचं बटण दाबा. आमच्या बाथरूमला घंटा नव्हती. सोबतच्यांना धीर द्या. सोबत मशीन होतं आणि ते माझ्यापेक्षा निवांत होतं. दरवाजा जबरदस्तीने उघडू नका. इथे मात्र मी सूचना पाळत होतो. मग मी एका पालथ्या बादलीवर चढलो आणि डक्टमध्ये उघडणाऱ्या खिडकीत तोंड घालून हाका मारायला लागलो.

वरच्या मजल्यावर एक शिकवणीच्या बाई राहतात. त्यांची खिडकी उघडली.

"अहो, काय झालं? केव्हाची अॅम्ब्युलन्स ऐकू येतेय. कोण आजारी आहे?"

"कोणी नाही. भाव चढलाय."

"कसला भाव?"

"विम्याचा. मी आत अडकलोय. बाई, तुम्ही जरा जोरात अपील कराल का? क्रिकेटमध्ये करतात तसं."

बाईंनी कारण विचारलं नाही. मुलांना वर्षानुवर्षं शिकवलेल्या माणसाला कशाचंच आश्चर्य वाटत नाही. त्यांनी मागे वळून वर्गाला काहीतरी सांगितलं, खिडकीत आठ-दहा डोकी जमली, आणि सबंध डक्ट दणाणून सोडणारं "हाउज दॅट!" खाली आलं. चौथ्या मजल्यावर कोणाच्या तरी हातातून भांडं पडलं.

"बाबा," मी फटीकडे धावत म्हटलं, "ऐकलंत?"

"ऐकलं. प्रेक्षकांचं अपील धरत नाहीत. एकशे नव्वद."

मी परत बादलीवर चढलो. "बाई, नाही चाललं. माझ्या बायकोला फोन करा."

बायको येईपर्यंत मी मशीनशी बऱ्याच गोष्टी बोललो. त्या इथे देत नाही.

ती आली तेव्हा धापा टाकत होती. शेवटच्या पेशंटला तिने एका कुशीवर तसंच ठेवलं होतं. तिने भोंगा बंद केला, बाबांकडे पाहिलं, दाराच्या फटीतून माझ्याकडे पाहिलं.

"काय करून ठेवलंस?"

"ते नंतर. अपील कर."

तिने एकही प्रश्न विचारला नाही. ती पंचांच्या घरात वाढलेली आहे. त्या घरात आणखी एक पोळी मागायलाही रीतसर विचारावं लागायचं. तिने दोन पावलं मागे घेतली, दोन्ही हात वर केले, आणि पोटातून ओरडली, "हाउज दॅट!"

असं अपील मी टीव्हीवरही ऐकलेलं नाही. मला फटीतून फक्त सासऱ्यांची पाठ दिसत होती. त्यांनी टोपी नीट केली. स्क्रीनकडे वाकून पाहिलं. आणखी वाकले. मग सरळ झाले आणि हात पुन्हा मागे बांधले.

"नाबाद," ते म्हणाले.

"काय?" आम्ही दोघांनी एकदम विचारलं.

"अपील झालं त्या क्षणी भाव एकशे एकोणसाठ होता. खाली आला होता. चेंडू यष्टीला लागलाय, पण बेल पडलेली नाही."

"बाबा, तो आत्तापर्यंत एकशे नव्वदला होता."

"तेव्हा तू नव्हतीस."

"आणि आता?"

त्यांनी पाहिलं. "आता एकशे ब्याऐंशी. पण निर्णय दिलाय. त्याच चेंडूवर पुन्हा अपील नाही."

बायको खुर्चीवर बसली. डावीकडे कलली, सावरली. भाव वर चालला होता हे मला तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. जिथे ड्रायर गेला होता तिथे आता दर मिनिटाला मशीनचा एकेक भाग जात होता.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "मग आता याने बाहेर पडायचं कसं?"

"त्यात काय?" सासरे म्हणाले. "फलंदाज स्वतःहून चालायला लागला तर पंच अडवत नाही. पस्तीस वर्षांत मी एकदाही कोणाला अडवलेलं नाही. पहिल्या दिवसापासून कधीही येऊन त्यांनी बटण दाबलं असतं तरी माझी काही हरकत नव्हती."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"पंचांशी बोलायचं नाही असं ठरलं होतं. आणि चालायचं की नाही हे फलंदाजाला शिकवायचं नसतं. तो ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न असतो."

"मी चालतोच आहे, बाबा. समोर मशीन आहे."

बायको उठली आणि फटीला एक डोळा लावला. तिचा आवाज बदलला होता. क्लिनिकमध्ये ज्या आवाजात बोलते तो आवाज.

"ढकलू नकोस. कंबर जाईल तुझी. अंगाने जड पेशंटला कुशीवर वळवतो ना, तसं करायचं. गुडघे वाकव. एक कोपरा हलकेच उचल. तिरपं कर. आता त्याच कोपऱ्यावर गोल फिरव. ताकद लावू नकोस, त्याचंच वजन त्याला फिरवेल."

मी तसं केलं. मशीन तिरपं झालं, एका कोपऱ्यावर उभं राहिलं आणि कण्हत कण्हत भिंतीकडे वळलं. आजवर मी जे काही रोल केलं, त्यातला हा एकच रोल यशस्वी झाला.

मी बाहेर आलो. गुडघ्यापर्यंत भिजलो होतो, एका पायात चप्पल नव्हती. सासरे बाजूला झाले. टेबलावर फोन होता. दोनशे पाच.

एक्झिटच्या बटणाशेजारी रोलचं बटण होतं. ते नेहमीच तिथे असतं. पुढच्या महिन्याचा विमा उत्तम भावाने जात होता. एक टिचकी मारली की आज काहीच घडलं नाही असं झालं असतं. शनिवारी शोरूमवाल्याला काहीतरी सांगितलं असतं, आणि पुढचा महिना अजून पुढे होता. माझं बोट दोन बटणांच्या बरोबर मधे येऊन थांबलं.

बायकोने एक हात कमरेवर ठेवला. मला वाटत नाही ते तिच्या लक्षातही आलं असेल.

मी एक्झिट दाबलं.

सासऱ्यांनी टोपी काढली. "चांगले चाललात," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून माझ्याबद्दल निघालेलं हे पहिलं विशेषण आहे.

गुरुवारी त्या बँकेच्या प्रमुखाने खुलासा केला की त्याला फक्त तहान लागली होती. बाजार उसळला. माझा विमा, म्हणजे आदल्या दिवसापर्यंत माझा असलेला विमा, दुपारी तीसवर आला, मग पाचवर, मग विरून गेला. मी बेडरूममध्ये लॅपटॉपवर ते बघत होतो. दारात सासरे बॅग घेऊन उभे होते.

"बाद झालेल्या फलंदाजाने तंबूत बसून धावफलक बघू नये," ते म्हणाले. "डोळे बिघडतात." आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले. कार्ड बरोबर घेऊन गेले. म्हणाले, क्लबमध्ये लावण्यासारखं आहे, फक्त 'जावई'च्या जागी 'कर्णधार' करावं लागेल.

तर अशी माझी पद्धत. तटस्थ माणूस शोधा, त्याच्या हातात बटण द्या, आणि मग स्वतः जाऊन दाबा. मधले सगळे टप्पे गाळले तरी चालतील, हे मला आता कळलं आहे.

शनिवारी सकाळी शोरूमवाल्याचा फोन आला. तेव्हा क्लिनिकच्या चादरी स्पिनला होत्या. बाथरूमच्या दारातून मला बायको दिसत होती. एका हातात फोन होता, दुसऱ्या हाताने ती दोरीवरची माझी पँट बाजूला करत होती.

"हो, मशीन तेच घ्यायचंय," ती म्हणाली. "नाही, रद्द नाही करत. फक्त पुढच्या महिन्यात घेऊ."

याला काय म्हणतात ते मला तिला सांगायचं होतं. पण स्पिन पूर्ण वेगात होतं आणि मी वजन होतो. वजनाने बोलायचं नसतं.